दावा मोठा, पण फेरतपासणी कोण करणार?

विज्ञानात शेवटचा शब्द कुणाचा? मोठ्या नावाचा की मोजमापाचा? आम्ही हा प्रश्न विचारतो आहोत त्याला निमित्त आहे रसायनशास्त्रातल्या एका वादाचे.

दोन आरसे समोरासमोर ठेवायचे. मधली फट काही मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तिच्यात द्रावण भरायचे. फटीत ज्या कंपनसंख्येचा प्रकाश टिकतो ती रेणूतल्या एखाद्या बंधाच्या कंपनाशी जुळवली, की प्रकाश आणि रेणू मिळून नवेच ऊर्जास्तर तयार होतात. बाहेरून दिवा लावावा लागत नाही. अंधारातही प्रकाशाचे क्षेत्र पूर्ण शून्य नसते, तेवढे पुरते. (यातून उद्या कुणी भोंदू 'शून्याची शक्ती' विकायला निघाला तर वाचकांनी त्याला दारातूनच परत पाठवावे!)

२०१६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या थॉमस एबेसन यांच्या गटाने अशा फटीत एक रासायनिक क्रिया मंदावल्याचे प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये मोहालीच्या आयसर संस्थेतून, स्ट्रासबर्गच्या सहकार्याने, दुसरी एक क्रिया सुमारे दहा पट वेगवान झाल्याचा दावा आला. वेगळी उष्णता नाही, उत्प्रेरक नाही, नुसते आरसे!

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने मोहालीचा प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहिला. वेग काही वाढला नाही. त्यांनी ते तसेच छापले.

मग सगळे थोतांडच का? आम्हाला तसे वाटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील गटाने 'सायन्स'मध्ये दाखवले की आरसे नेमके जुळवले तर एक क्रिया मंदावते, जुळणी बिघडवली की फरक उरत नाही. असे का होते याचा सर्वमान्य खुलासा सिद्धांत मांडणाऱ्यांकडे अजून नाही. म्हणजे वाद जिवंत आहे, आणि तो मोजूनच सुटेल.

पण आपल्याकडे मोजणार कोण? नव्या शोधाला पुरस्कार मिळतो. 'वेग वाढला नाही' एवढ्या निष्कर्षावर पीएच.डी. मिळवून दाखवा बरे! घरातला पहिलाच पदवीधर फेलोशिपवर दिवस काढतो, ती फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते, आणि पुढच्या अहवालावर सही मार्गदर्शकाची लागते. तो बड्या नावाविरुद्ध आकडा मांडायला धजावेल कसा? गप्प बसला तर दोष त्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.

म्हणून अनुदानात फेरतपासणीसाठी वेगळी तरतूद हवी. 'परिणाम आढळला नाही' असे सांगणारा प्रबंध विद्यापीठांनी पदवीस पात्र धरावा, आणि तसा शोधनिबंध पदोन्नतीतही मोजला जावा, अशी आमची मागणी आहे.