'मोफत' विजेचं बिल

छतावर सौर पॅनल बसवलेल्या घरातली वीज गेली, की भर दुपारी बारा वाजताही पंखे थांबतात. वर ऊन रणरणत असतं आणि खाली घामाच्या धारा. नव्या ग्राहकाला बसणारा हा पहिला धक्का. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याचं कळताच स्वतःही बंद होतो. तो चालू राहिला, तर लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर गोष्ट वेगळी, पण तो महाग. विक्रेता हे शेवटी सांगतो, सांगितलं तर.

'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, म्हणून तोच जास्त खपतो. चांगल्या उन्हात असा संच दिवसाला साधारण १२ युनिट वीज देतो. समजा, घराचा वापर रोज १० युनिटचा आहे. पण माणसं दिवसा कामावर, मुलं शाळेत. त्यामुळे दिवसा फार तर तीन युनिट खर्च होतात. उरलेले नऊ तारेवरून बाहेर जातात आणि रात्री सात परत घ्यावे लागतात. नेट मीटर ही आयात आणि निर्यात वेगवेगळी मोजतो, बिलात दोन्हींची वजावट होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे 'शून्य बिल' खरोखर शून्यावर क्वचितच येतं.

खरी गंमत ३१ मार्चला होते. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते, हे छानच. पण जानेवारी ते मार्चच्या लख्ख उन्हात साठलेली युनिट आर्थिक वर्षअखेरीला खात्यातून निघतात आणि ग्राहकाला त्यांचे पैसे मिळतात, तेही तो स्वतः ज्या दराने वीज विकत घेतो त्याहून बऱ्याच कमी दराने. दुसऱ्याच दिवशी एसीचा हंगाम सुरू! ही तारीख हिशेबनिसाच्या सोयीची आहे, उन्हाच्या नाही. ती सप्टेंबरअखेर नेली, तर घरांचा खरा फायदा होईल.

महावितरणची बाजूही अगदीच खोटी नाही. दुपारी सगळीकडून स्वस्त सौरवीज येते. संध्याकाळी सातला सगळ्यांना एकदम वीज हवी असते आणि ती महाग पडते. दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखंच धरायचं, तर फरकाचा भार कुणावर तरी पडणारच, आणि तो बहुधा छत नसलेल्या भाडेकरूवर. पण २०२५ च्या दरप्रस्तावात दिवसाची निर्यात दिवसाच्याच वापरातून वळती करण्याचा मुद्दा आला, तेव्हा गदारोळ झाला तोही रास्त होता. पॅनल २५ वर्षं चालतात, माणूस कर्ज काढून ते बसवतो. मधेच नियम बदलला तर त्याचं गणितच कोसळतं.

कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये नव्या ग्राहकांच्या निर्यातीचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कापला. जुन्यांना मात्र जोडणीपासून २० वर्षं जुनेच नियम ठेवले. महाराष्ट्रातही नियम बदलायचे तर नव्यांसाठी बदलावेत आणि जोडणी घेताना ग्राहकाला लेखी द्यावं, की त्याचा हिशेब किती वर्षं याच पद्धतीने होईल.