बॉडी बदलू की नको?

पनवेलला पावसाळ्यात तापाची साथ येते आणि आपल्या फोटोग्राफी क्लबात फेस्टच्या आधी अपग्रेडची. लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. पेशंट आधी दुसऱ्याच्या कॅमेऱ्याकडे टक लावून बघतो, मग रात्री दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर रिव्ह्यू बघतो आणि शेवटी घरी जाऊन सांगतो, "बाबा, माझ्या बॉडीला खूप लिमिटेशन्स आहेत." बाबा बिचारे घाबरून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायला निघतात!

तर मित्रमैत्रिणींनो, इथे बॉडी म्हणजे कॅमेऱ्याची. लेन्स काढल्यावर जे उरतं ते. आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालंय, त्यामुळे अ‍ॅपर्चरला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. एकाने 'छिद्र' सुचवलं होतं. पण "माझ्या लेन्सचं छिद्र मोठं आहे" असं चारचौघांत म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा इंग्रजी शब्द जसेच्या तसे येतील, चालवून घ्या.

प्रश्न साधा आहे. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, म्हणजे कंपनीच्या शिडीच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक. क्लबातल्या निम्म्या लोकांकडे हीच किंवा निकॉनची डी ३५०० आहे. दोन वर्षं बारशी, डोहाळजेवणं आणि साखरपुडे करून मी ५२ हजार रुपये साठवलेत. यात नवी मिररलेस बॉडी घ्यायची, कमी पडतील ते बाबांकडून घ्यायचे, असा क्लबचा एकमुखी सल्ला आहे. आईचं म्हणणं, गेटच्या क्लासची फी भरायचीये, त्याचं काय? म्हणजे ही नुसती हौसेची गोष्ट नाही. एकदाच खर्च होणारे पैसे आहेत आणि ते माझ्या कष्टाचे आहेत. म्हणून जरा नीट विचार करायचं ठरवलं. आणि माझं मत असं झालंय की आपल्यापैकी बहुतेकांनी बॉडी बदलू नये. निदान आत्ता तरी नाही.

आपण इंजिनिअर होणार आहोत ना? मग लाइनवरचं काम अडलं की आपण काय करतो? सगळी लाइन उखडून नवी बसवतो का? नाही. आधी बॉटलनेक शोधतो. हेच कॅमेऱ्याच्या बाबतीत करून बघावं म्हणून आम्ही पाच जणांनी प्रत्येकी ४० बाद फोटो आणले. एकूण २००. लॅपटॉपवर एकेक उघडून शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ बघितलं आणि फोटो बाद का झाला त्याप्रमाणे ढीग केले. सगळ्यात मोठा ढीग शटर स्लो पडल्याचा निघाला. त्याखालोखाल फोकस भलतीकडे गेल्याचा. तिसरा ढीग मजेशीर होता. फोटो टेक्निकली उत्तम, पण त्यात बघण्यासारखं काहीच नाही! मागे विजेची तार, कचऱ्याचा डबा, कोणाचं तरी कोपर. नवी बॉडी असती तर खरोखर वाचले असते असे फोटो निघाले जेमतेम वीस. हे काही संशोधन नव्हे, पाच जणांचा घरगुती हिशोब आहे. पण तुम्ही तुमचे ४० काढून बघाच.

आता त्या पहिल्या ढिगाकडे वळू. हातात धरून फोटो काढायचा तर एक ढोबळ नियम आहे. लेन्स जितक्या एमएमची, त्याच्या उलटा शटर स्पीड किमान हवा. आपला सेन्सर लहान, म्हणून त्याला १.६ ने गुणायचं. म्हणजे ५५-२५० लेन्स पूर्ण ताणली तर किमान १/४०० सेकंद. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, पण नाचणाऱ्या मुलीचा हात नाही सांभाळत. तिथे शटरच फास्ट लागतं आणि फास्ट शटरला लागतो प्रकाश. फडके नाट्यगृहाच्या स्टेजवर प्रकाश कितीसा असतो? मग आयएसओ वाढवा, की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे आलेच. इथेच सगळे म्हणतात, "फुल फ्रेम घे."

जरा गणित करू. आपला सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, फुल फ्रेम ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेमचं साधारण २.६ पट. म्हणजे प्रकाशाचा फायदा ढोबळमानाने अडीच पट. आता बॉडी तीच ठेवून लेन्स बदला. किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. साधी ५० एमएमची प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, उत्तर ९.७. जवळजवळ दहा पट प्रकाश! अडीच पटीसाठी लाखाच्या घरातली बॉडी की दहा पटीसाठी तिच्या किमतीच्या जवळपासही न जाणारी लेन्स, हे गणित फर्स्ट इयरलासुद्धा सुटावं. हां, एक सांगायला हवं. एफ १.८ ला फोकसची पट्टी इतकी बारीक होते की डोळा शार्प येतो आणि कान धूसर. त्यासाठी मधला फोकस पॉइंट निवडून नेमका डोळ्यावर ठेवायची सवय लागते. ही सवय कोणतंही दुकान विकत नाही, पण फुकट मिळते.

"ते स्टेजचं ठीक आहे, पण पक्ष्यांचं काय?" हा प्रश्न येणारच, कारण आपल्या दारात कर्नाळा आहे. १९६८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आज जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्यामधून मुंबई-गोवा हायवे जातो. सकाळी लवकर गेलं तर भृंगराज, श्यामा, हळद्या दिसतात. पण झाडी इतकी दाट की भर दुपारी संध्याकाळ वाटते. इथे बॉडी बदलून पक्षी जवळ येत नाही. जवळ येतो तो तुम्ही हिरव्या-तपकिरी कपड्यांत तासभर गप्प बसलात तर. पावसाळ्यात तिथे तिबोटी खंड्या येतो, चिमणीएवढा, रंगीबेरंगी, मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालणारा. त्याच्यामागे मोठमोठ्या लेन्सवाले गर्दी करतात. बिळासमोर कोणी तळ ठोकून बसलं की पिल्लांना भरवायला आलेला पक्षी तोंडात सरडा धरून लांबच्या फांदीवर ताटकळतो. तुमच्याकडे कितीही भारी कॅमेरा असो, तो फोटो घेण्यालायक नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी अपग्रेडच्या विरोधात नाही. काही कामं अशी आहेत की तिथे आपल्या बॉडीचा खरंच नाइलाज होतो. नेरूळच्या खाडीकडे फ्लेमिंगोंचा थवा उठतो तेव्हा १५००डीचे नऊ फोकस पॉइंट आणि सेकंदाला तीन फ्रेम तोकड्या पडतात. २०२२ साली आलेली कॅननची आर १० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम काढते आणि पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवते. तुम्ही दर रविवारी उडते पक्षी टिपत असाल, तर हा फरक खरा आहे. व्हिडिओचंही तसंच. फोर के पाहिजे असेल तर १५००डी ते करतच नाही, विषय संपला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लग्नाची ऑर्डर. आपल्या बॉडीत कार्डाचा एकच स्लॉट असतो. कार्ड दगावलं तर काय, नवरा-नवरीला पुन्हा सात पावलं चालायला सांगणार? बारशाचे फोटो गेले तर बाळाला परत पाळण्यात घालता येतं, सप्तपदी परत होत नाही. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिणारी बॉडी ही लग्नाच्या कामात चैन नव्हे, ती समोरच्याशी बांधिलकी आहे. आणि गंमत बघा, सगळे जिचं नाव घेतात त्या आर १० मध्येसुद्धा स्लॉट एकच! दोन हवे असतील तर आर ७ कडे जावं लागतं. म्हणजे "अपग्रेड" म्हणून घेतलं आणि ज्या कामासाठी घेतलं ते तसंच राहिलं, असं सहज होऊ शकतं. म्हणून मी म्हणते, आधी काम ठरवा, मग बॉडी.

क्लबातला एक सीनियर दादा माझ्याशी वाद घालताना नेहमी दादासाहेब फाळक्यांना पुढे करतो. "अगं, फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनहून कॅमेरा आणला, आणि तू ५२ हजारांचा हिशोब करतेस?" आता हे उदाहरण नीट वाचलं तर माझ्याच बाजूचं आहे. फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, हे खरं. पण त्याआधी त्यांनी काय काय केलं होतं? बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात काम केलं, छपाईचा धंदा केला. दोन दशकं कॅमेरा आणि रसायनं हाताळल्यावर त्यांना अचूक माहीत होतं की हातातला कॅमेरा काय करू शकत नाही. तो चित्र हलवू शकत नव्हता! आणि नवा कॅमेरा आल्यावर लगेच राजा हरिश्चंद्र नाही काढला. आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते महिनाभर थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. सरस्वतीबाई फिल्म धुवायला शिकल्या, दागिनेही दिले. राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला ३ मे १९१३ ला. मला सांगा, आपल्यापैकी किती जणांनी एका कुंडीकडे महिनाभर कॅमेरा लावून बघितलंय?

"पण डीएसएलआरचे दिवस संपले, आता तिच्यासाठी लेन्स घेणं म्हणजे पैसे बुडवणं," असंही ऐकू येतं. पहिला अर्धा भाग बराचसा बरोबर आहे, कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसवर आहे. पण कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आर सीरिजच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. म्हणजे आज घेतलेली ५० एमएम उद्या नव्या बॉडीवरही चालणार. बॉडी जुनी होते, लेन्स बरोबर येते. फक्त ती बुरशीपासून वाचली पाहिजे! आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तर लेन्सची काय कथा. काचेवर एकदा बुरशीचं जाळं धरलं की कोटिंग कायमचं खराब होऊ शकतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा एक डबा आणि सिलिका जेलची पाकिटं, एवढ्यात हे निभावतं. हजारोंच्या अपग्रेडची चर्चा करणारे निम्मे लोक कॅमेरा दमट बॅगेत टाकून कॉटखाली ढकलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा बॉडी बदलायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, माझा कोणता ठरावीक फोटो या बॉडीमुळे अडला? "क्वालिटी" हे उत्तर चालणार नाही, फोटो दाखवा. दोन, तोच फोटो लेन्स, ट्रायपॉड किंवा पहाटे पाचचा गजर यांनी मिळाला असता का? तीन, नवी बॉडी तो अडथळा खरंच काढते का, की दुसरंच काहीतरी देते? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल घ्या, आणि पेढे द्या.

माझी उत्तरं सांगते. स्टेजचे फोटो अडले होते, ते लेन्सने सुटतात. उडते पक्षी मी वर्षातून दोनदा काढते, तेवढ्यासाठी बॉडी नको. लग्नाची ऑर्डर मी एकटी घेणार नाही, दुसऱ्या फोटोग्राफरची जोडीदार म्हणूनच जाईन. पुढेमागे एकटीने घ्यायची वेळ आली तर दोन स्लॉटचीच बॉडी घेईन, तेव्हा कोणी मला कंजूष म्हणू नका. आत्ता ५० एमएम घेतलीये, उरलेल्या पैशांतून गेटची फी भरली. आई खूश, बाबांचं ब्लडप्रेशर नॉर्मल.

आणि हो, ज्यांना माझं गणित पटत नाही त्यांच्यासाठी ऑफर आहे. फेस्टच्या आधी आठ दिवस माझी ५० एमएम न्या, वापरून बघा, मग ठरवा. फक्त डब्यासकट परत करा. सिलिका जेल माझं आहे!