परदेशी फौजी पाहुण्याला जेवायला बोलवा, पण ताटात गळ नको

पुण्यात मित्रदेशांचे फौजी अधिकारी आणि कॅडेट्स वर्षानुवर्षं शिकायला येतात. खडकवासल्याला एनडीए, दापोडीला सीएमई. एखाद्या रविवारी एमजी रोडला किंवा डेक्कनला रिक्षावाल्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत भाव करणारी ताठ पाठीची तरुण मुलं पाहिली असतील तुम्ही. आपण बघतो आणि पुढे जातो. त्यातले किती जण एखाद्या मराठी घरात जेवून परत गेले असतील? माझा अंदाज, फारच थोडे.

ही पोस्ट मुख्यतः आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचावी. कारण वाद दोन्हीकडून होणार, हे मला माहीत आहे.

एनडीएची मुख्य इमारत सुदान ब्लॉक म्हणून ओळखली जाते. नाव का, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बाजूने लढताना आपले सैनिक पडले, त्यांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली. त्यातल्या भारताच्या वाट्याचा पैसा या इमारतीला लागला. म्हणजे परदेशी फौजी आणि पुणे हे नातं काल-परवाचं नाही. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो 1965 मध्ये तरुण अधिकारी म्हणून भारतात आले, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकले आणि मग पुण्यात इंजिनिअरिंगच्या कोर्सला होते. बॅप्टिस्ट शाळेत शिकलेला माणूस. पुढे देशाचा प्रमुख झाला, तोही दोनदा. तेव्हा पुण्यातल्या कुणी ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरी बोलावलं होतं का, कोण जाणे.

पण "उद्या हा राष्ट्राध्यक्ष होईल" म्हणून बोलवायचं असेल तर नका बोलवू. तो पाहुणचार नव्हे, ती गुंतवणूक झाली.

अमेरिकेत कॅन्सासमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला 1894 पासून परदेशी अधिकारी शिकायला येतात. तिथे गावातली साधी कुटुंबं त्यांची यजमान होतात. मुलांची शाळा, बाजारहाट, सणाचं जेवण, सगळ्यात मदत करतात. आपले दिवंगत जनरल बिपिन रावतही तिथे शिकले. या यजमानांत चर्चला जाणारी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांच्यापुढेही तोच प्रश्न असतो जो आपल्यापुढे येईल. जेवायला बोलावलंय ते जेवायलाच, की आणखी कशाला?

माझं मत स्पष्ट आहे. जेवायलाच. आपल्यातले काही जण म्हणतील, "भाऊ, ही तर सुवार्तेची संधी आहे." नाही. तो माणूस परक्या देशात आहे, एकटा आहे, हुकमाचा ताबेदार आहे आणि आपल्या उपकाराखाली आहे. अशा माणसाच्या हातात पत्रक ठेवणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. काही देशांत तर नुसता संशय आला तरी त्याची नोकरी जाईल, जिवावरही बेतेल. त्याने स्वतःहून विचारलं तर मोकळेपणाने सांगा, आपण काही लपवत नाही. विचारलं नाही तर भाजी वाढा.

आणि ज्यांना प्रत्येक ख्रिस्ती जेवणात धर्मांतर दिसतं, त्यांना माझं निमंत्रण आहे. तुम्हीही या त्याच पंगतीला. शेजारचे जोशी, शेख, कांबळे सगळे असले तर पाहुण्यालाही खरं पुणं दिसेल.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 बहुतेकांना पाठ आहे. शताधिपती कर्नेल्य, रोमी फौजेतला परका अधिकारी. आपण नेहमी पेत्र त्याच्या घरी गेला तिथून सुरुवात करतो. त्याच्या आधी काय झालं ते वाचा. कर्नेल्याचे दोन चाकर आणि एक शिपाई यापोला आले आणि पेत्राने त्यांना आत घेऊन मुक्कामाला ठेवलं. घर कुणाचं? शिमोन चांभाराचं. कातड्याच्या वासाच्या घरात परक्या फौजेचा शिपाई रात्रभर पाहुणा! आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आज्या-पणज्या ज्या वस्त्यांतून आल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आणि आपण म्हणतो, "आमचं घर लहान आहे हो, इंग्रजी येत नाही, हे काम कॅम्पातल्या इंग्रजी चर्चवाल्यांचं."

आता धीर देण्याबद्दल. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा अफगाण कॅडेट्स आपल्या अकादम्यांत शिकत होते. ज्या सैन्यासाठी शिकत होते ते सैन्यच उरलं नाही. अशा मुलाला काय सांगणार? काही सांगू नये. जवळ बसावं, चहा द्यावा, आईशी फोनवर बोलणं झालं का विचारावं. आपल्या विश्वासाचा अधिकारी असेल आणि त्याने म्हटलं तर सोबत प्रार्थना करावी. माझ्या लेखी एवढं पुष्कळ आहे.

थोडं व्यवहाराचं. संस्थेच्या परवानगीशिवाय काही करू नका, रीतसर पत्र द्या. रात्री मुक्कामाला ठेवलंत तर परदेशी पाहुण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, तेव्हा दुपारचं जेवण बरं. काय खातो, काय खात नाही ते आधी विचारा. डुक्कर, गोमांस, दारू, सगळंच. तिखट बेतानं. त्याच्या कोर्सबद्दल, शस्त्रांबद्दल, त्याच्या देशातल्या राजकारणाबद्दल चौकशा नकोत. बायको-मुलं सोबत असतील तर त्यांना आधी बोलवा, कारण साहेब दिवसभर वर्गात आणि वहिनी चार भिंतींत. आणि कृपा करून फोटो काढून फेसबुकवर टाकू नका. आपल्याला लाइक मिळतील, त्याला घरी उत्तर द्यावं लागेल.

येत्या पास्टरेट कमिटीत मी हा विषय मांडतोय. महिन्यातून एक रविवार, चार घरं, एवढंच. ज्यांचं घर तयार आहे त्यांनी इनबॉक्स करावा. स्वयंपाक कोण करणार हे मात्र घरात आधी विचारून घ्या, परस्पर हो म्हणू नका.