प्रिंट निघाली, पण फाइल गेली का?

आधार कार्डची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवायची, प्रिंट घ्यायची, पैसे द्यायचे आणि निघायचं. जे थोडे सावध असतात, ते दुकानदाराला डाउनलोड्समधली फाइल डिलीट करायला लावतात. ते योग्यच आहे. पण त्याच फाइलची आणखी एक प्रत कॉम्प्युटरमध्ये राहू शकते, ती म्हणजे प्रिंट स्पूलरमध्ये.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. इथे सोलापुरात झेरॉक्सच्या दुकानांत जुने कॉम्प्युटर अजून चालू आहेत आणि नवा घ्यायचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. म्हणून ओळखीचे दुकानदार मला विचारतात, "लिनक्स टाकू का?" माझं उत्तर असतं, जरूर टाका, पण प्रिंटिंगची सेटिंग्ज एकदा बघून घ्या.

स्पूलर म्हणजे साधी रांग. प्रिंटर एका वेळी एकच काम करतो, तोवर बाकीच्या फाइल्स थांबून राहतात. लिनक्स आणि मॅकवर ही रांग 'कप्स' नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं. सेटिंग बदललं नसेल, तर प्रिंट झालेली फाइल ते ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस जपून ठेवतं. कागद अडकला तर पुन्हा छापता यावं, हा त्यामागचा हेतू. घरी ही सोयच आहे. दुकानात मात्र दिवसभरात आलेल्या प्रत्येकाची कागदपत्रं अशी साठत जातात.

दुसरा धोका बाहेरून येतो. २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेली या इटालियन संशोधकाने कप्समधल्या त्रुटी जाहीर केल्या. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारी 'कप्स-ब्राउज्ड' ही सेवा ६३१ नंबरच्या पोर्टवर कुणाचाही निरोप ऐकून घेत होती. त्यामुळे हल्लेखोर खोटा प्रिंटर जोडू शकत होता. त्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली, की हल्लेखोराची कमांड कॉम्प्युटरवर चालायची. उबंटू, डेबियन यांनी अपडेट दिले, पण ते टाकलेच नाहीत तर उपयोग काय? त्यात दुकानाच्या वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांनाही दिलेला असेल, तर अनोळखी माणूस थेट त्याच नेटवर्कवर येतो.

लिनक्स वापरणाऱ्या दुकानदाराने चार गोष्टी कराव्यात:

१. सिस्टिम अपडेट ठेवा.
२. प्रिंटर यूएसबीने जोडलेला असेल, तर कप्स-ब्राउज्ड बंद करा.
३. कप्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' समोर 'नो' लिहा आणि कप्स रीस्टार्ट करा. मग काम संपताच फाइल काढून टाकली जाईल.
४. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं ठेवा.

दुकानदाराची ही दहा-पंधरा मिनिटांची कामं आहेत. तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर जिथे चालतं तिथे आधारचा पूर्ण नंबर न दाखवणारी 'मास्क्ड' प्रत द्या. ती स्पूलरमध्ये राहिली, तरी त्यात तुमच्या नंबरचे शेवटचे चारच आकडे असतील.