1 सप्टेंबरला चाव्या दिल्या म्हणजे टीम पास झाली का? बॉस्टनच्या घरबदलीचा हिशोब

पुण्या-मुंबईतून बॉस्टनला शिकायला गेलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्याला 1 सप्टेंबरबद्दल विचारून बघा. बहुतेक फुटपाथवरून उचलून आणलेल्या टेबलाचीच गोष्ट ऐकायला मिळेल.

विषय असा आहे की, बॉस्टन हे कॉलेजांचं शहर. बॉस्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थईस्टर्न, बर्कली, आणि नदीपलीकडे केंब्रिजमध्ये हार्वर्ड आणि एमआयटी. कॉलेजं सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळं तिथल्या भाडेकरारांचा मोठा भाग 31 ऑगस्टला संपतो आणि नवे करार 1 सप्टेंबरला सुरू होतात. ऑलस्टन भागात तर सोफे, गाद्या आणि कपाटांचा रस्त्यावर एवढा ढीग लागतो की लोक या दिवसाला ‘ऑलस्टन ख्रिसमस’ म्हणतात. स्टोरो ड्राइव्ह या रस्त्यावरच्या बुटक्या पुलांखाली सामानाचे ट्रक अडकतात, आणि त्यासाठी शहरानं ‘स्टोरोड’ असा खास शब्दच बनवलाय.

हे सगळं तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. रील्समध्ये जी दिसत नाही ती म्हणजे घरं तयार करणारी टीम. सफाईवाले, रंगारी, प्लंबर, कुलूप बदलणारा आणि या सगळ्यांवरचा सुपरवायझर. जुना भाडेकरू 31 तारखेला संध्याकाळी निघतो, नवा दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन दारात उभा. मधल्या काही तासांत घर धुऊनपुसून द्यायचं, आणि अशी कित्येक घरं एकाच वेळी.

हंगाम संपला की मॅनेजमेंट कंपन्यांमध्ये आढावा बैठक होते. पहिला प्रश्न साहजिकच असतो, किती घरं वेळेत दिली?

गडबड इथंच आहे.

समजा, एका टीमनं 40 पैकी 40 घरं वेळेत दिली, पण त्यातल्या 18 घरांत पुढच्या तीन आठवड्यांत पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या टीमनं 40 पैकी 34 दिली, सहा घरांना उशीर झाला, पण पुन्हा जावं लागलं फक्त चार ठिकाणी. आता बोनस कुणाला? तक्त्यात पहिली टीम भारी दिसते. पण अठरा वेळा परत पाठवलेला प्लंबर, त्याची मजुरी आणि वैतागलेले भाडेकरू यांचा रकाना त्या तक्त्यात नसतोच.

आणि काही दोष 1 तारखेला दिसूच शकत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनुसार घरमालकाला सप्टेंबरच्या मध्यापासून घर गरम ठेवावं लागतं, दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात हीटर कोण चालू करून बघतो? चावी दिली, फोटो काढला, काम झालं. थंडी पडली की फोन सुरू.

मग खरं काम मोजायचं कसं? गंमत म्हणजे त्यासाठी लागणारी कागदपत्रं इथल्या कायद्यानंच तयार करून ठेवलीत. डिपॉझिट घेणाऱ्या घरमालकाला भाडं सुरू झाल्यापासून साधारण 10 दिवसांत घराच्या स्थितीचं लेखी पत्रक द्यावं लागतं. भाडेकरू 15 दिवसांत त्यावर स्वतःची यादी जोडू शकतो. इथं नळ गळतोय, तिथं दार लागत नाही, वगैरे. कंपन्या ही यादी भांडण झालंच तर असू द्या म्हणून फाइलला लावतात. माझ्या मते टीमच्या कामाचं सगळ्यात प्रामाणिक प्रगतिपुस्तक तेच आहे, कारण ते त्या घरात झोपणाऱ्या माणसानं लिहिलेलं असतं.

(तुमची पोरं तिथं भाड्यानं राहत असतील तर त्यांना ही यादी भरायला नक्की सांगा. घर सोडताना डिपॉझिटमधून कशाचे पैसे कापायचे, हा वाद त्याच कागदावर अडतो.)

जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट 30 दिवसांत परत करायचं असतं, आणि नुकसानीचे पैसे कापायचे असतील तर तपशीलवार हिशोब द्यावा लागतो. यात घरमालक चुकला तर रकमेच्या तिप्पट भरपाईची वेळ येऊ शकते. म्हणजे 31 ऑगस्टच्या धावपळीत कुणी तुटलेल्या खिडकीचा फोटो काढला नाही, तर त्याचा फटका महिनाभरानं बसतो. म्हणून 2 सप्टेंबरला घेतलेला आढावा अर्धवटच राहणार, तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हायला हवा.

पण ऑक्टोबरपर्यंत थांबण्यात एक अडचण आहे. हंगामापुरती घेतलेली माणसं तोवर निघून गेलेली असतात. कुठल्या इमारतीची चावी उशिरा मिळाली, कुठं रंगच पोचला नाही, हे त्यांनाच माहीत असतं. बैठकीत उरतात ते ऑफिसातले लोक, आणि खापर फुटतं ते गैरहजर माणसावर. त्यामुळं कामगारांशी बोलणं सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात उरकावं आणि आकडे ऑक्टोबरमध्ये बघावेत.

तुलना करतानाही घर बघावं लागतं. चार-पाच पोरं राहून गेलेलं जुन्या तीनमजली लाकडी इमारतीतलं घर आणि नव्या टॉवरमधला एकट्या माणसाचा फ्लॅट यांना एकच घड्याळ लावणं अन्यायाचं आहे. शिवाय ते घड्याळ सुरू कधी करायचं? चावी टीमच्या हातात पडली तेव्हापासून. जुना भाडेकरू रात्री अकराला गेला असेल, तर त्यात रंगाऱ्याचा काय दोष?

आणि हा उशीर अचानक आलेला नसतो. बॉस्टनमध्ये सप्टेंबरची घरं कित्येक महिने आधी ठरतात, म्हणजे कोणती रिकामी होणार हे ऑफिसला वसंत ऋतूतच कळलेलं असतं. शेवटच्या 30 दिवसांत आत जाऊन नुकसान तपासायलाही कायदा परवानगी देतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही फेरी मारली असती, तर नवं दार, काच, नळ आधीच मागवता आले असते. ती फेरी झाली का, आणि नसेल तर कुणी टाळली, हा प्रश्न आढाव्यात सुपरवायझरच्याही वरच्या खुर्चीला विचारायला हवा.