ओल्या मातीला भिऊ नये

लोणच्याला चिनी मातीची बरणी हवी, हा हट्ट मराठी घराने गाव सोडले तरी सुटत नाही. भिलाई-3 आणि चरोदाच्या वस्तीत रेल्वेच्या किंवा पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी आलेल्या कुटुंबांतही तो टिकून आहे. बरणी, दह्याचे सट, मोठे मग अशा वस्तू हळदीकुंकवाला, भिशीला आलेल्या मैत्रिणींतच खपू शकतात. मग एखाद्या गृहिणीच्या मनात येते की, आणून विकण्यापेक्षा आपणच का घडवू नयेत? विचार चांगला आहे. फक्त ही माती कुंभाराच्या लाल मातीसारखी नाही, हे आधी समजून घ्यावे.

लाल मडके साधारण 800 ते 900 अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्यातून पाणी पाझरते, म्हणून तर ते गार राहते. स्टोनवेअरच्या मिश्रणात फायर क्ले, चिनी माती, फेल्स्पार आणि गारगोटीची भुकटी असते. 1200 अंशांच्या वर फेल्स्पार वितळतो आणि भांडे दगडासारखे एकजीव होते. खारट-आंबट लोणचे वर्षभर त्यात सुखाने राहते ते यामुळे. हे तंत्र घरच्या घरी, नुसत्या पुस्तकावरून येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 मध्ये ग्रामोदय संघ सुरू केला, तो कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड देण्यासाठीच. अशा ठिकाणी किंवा एखाद्या जाणत्या कलाकाराकडे हात बसेपर्यंत शिकावे, मगच पैसे गुंतवावेत. इंग्रजी वाचता येत असेल तर पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांचे ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ जवळ असावे.

आता धोक्याचे. ओली माती हाताला लागली, कपड्यांना लागली तरी बिघडत नाही. तीच माती वाळून उडू लागली की गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा, डोळ्यांना न दिसणारा कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातो आणि तिथेच राहतो. वर्षानुवर्षे हे चालले तर सिलिकोसिस होतो. फुप्फुस कठीण होत जाते, क्षयाचा धोका वाढतो आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत सिलिकाच्या धुळीने कित्येक कामगार तरुण वयातच गेले. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातली. कारखान्यात निदान तपासणीला अधिकारी येतो. घरात कोण येणार?

म्हणून कोरडी भुकटी घरात कालवूच नये, तयार ओली माती विकत घ्यावी. काम झाले की झाडू मारायचा नाही, हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे आधी झाडू! इथे मात्र स्पंजने आणि ओल्या फडक्याने पुसून काढावे, आणि ते फडके वाळण्याआधी धुवावे. घरातल्या साध्या व्हॅक्युम क्लीनरने बारीक धूळ मागून पुन्हा बाहेर पडते. वाळलेले भांडे पॉलिश पेपरने घासू नये. कडा गुळगुळीत करायच्या त्या माती ओलसर असतानाच. तासलेली माती लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी. भिलाईच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवा असे सांगणे क्रूरपणाचे आहे, पण जमिनीवर कोरडी माती असताना तो लावू नये. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. झिलईची पूड कालवताना नीट बसणारा एन-95 मास्कच हवा. मातीचे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत. आणि जागा? मुले झोपतात ती खोली नको, स्वयंपाकघर तर नकोच. मागची पडवी उत्तम.

झिलईच्या बाबतीत हयगय नको. कमी आचेवर चकाकी यावी म्हणून शेंदूर किंवा मुर्दाडशिंग वापरण्याची जुनी रीत आहे. दोन्हींत शिसे असते. आंबट पदार्थात ते उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. स्टोनवेअरच्या आचेला शिशाची गरजच पडत नाही, तेव्हा दुकानदाराकडून घटकांची माहिती मागून घ्यावी. पहिल्या भांड्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी डाग पडला असेल किंवा रंग उतरला असेल तर ते भांडे खाण्यासाठी विकू नये. डाग नाही म्हणजे सारे ठीक, असेही समजू नये. विक्री वाढली की नमुना प्रयोगशाळेतून तपासून घेणे बरे.

भट्टी घरात घेण्याची घाई नको. विजेचा भार मोठा लागतो, भाजताना विषारी वायू सुटतात. सुरुवातीला दुसऱ्याच्या भट्टीत दर ठरवून भाजून घ्यावे. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्क्यांनी आटते, म्हणून बरणी आणि झाकण एकाच मातीचे, एकाच वेळी करावे, एकत्रच वाळवावे. फुटतुटीचा खर्च किमतीत धरावा.

गिऱ्हाईकाच्या हाती भांडे देताना त्याला एक चिठ्ठी बांधावी: गॅसवर ठेवू नये, फ्रिजमधून काढून लगेच उकळते पाणी ओतू नये, तडा गेला तर खाण्यासाठी वापरू नये.