कोच बदला, पण आधी साखळीला विचारा

कबड्डीचा संघ उपांत्य फेरीत हरला की मंडळाच्या बैठकीत पहिला ठराव कोच बदलण्याचा येतो. आमच्या एडवणात येतो, दातिवऱ्यात येतो, केळवे-माहीमलाही येतो. मुंबई-पुण्याच्या प्रो कबड्डी संघांचंही वेगळं नाही, तिथे ठराव मालकाच्या कार्यालयात होतो इतकंच. मी तरुणपणी डावा कोपरा खेळलो. आता बोईसरला तारापूर एमआयडीसीत नोकरी करतो आणि ड्युटी सुटली की गावातल्या पोरांबरोबर मैदानावर असतो. इतकी वर्षं बघून माझं मत ठाम झालंय. कोच बदलला की चढाईपटूंचं फारसं बिघडत नाही, मोडते ती बचावाची साखळी. आणि शेवटच्या पाच मिनिटांत सामना पकडींवरच ठरतो.

चढाई एकट्याची असते. तीस सेकंद, तोंडात कबड्डीचा दम आणि समोर सात जण. हाताचा स्पर्श, बोनस, मागे मारलेली लाथ, डुबकी, जे काही कसब आहे ते त्या पोराच्या अंगात असतं. तो ज्या संघात जाईल तिथे ते त्याच्याबरोबर जातं. पकडीचं तसं होत नाही. बहुतेक संघ २-३-२ उभे राहतात. एका टोकाला डावा कोपरा आणि डावा इन हात धरून, मधे दोन कव्हर आणि सेंटर, दुसऱ्या टोकाला उजवा इन आणि उजवा कोपरा. चढाईपटूचं वजन कोणत्या पायावर आहे, निदान रेषा ओलांडून तो बोनसकडे सरकतोय का, हे सातही जण बघत असतात. पण आधी जायचं ते एकानेच, आणि तो निघाला हे बाकीच्यांना त्याच क्षणी कळायला हवं. ओरडून सांगायची सोय नाही, कारण चढाईपटूलाही कान असतात.

आमचा इशारा बोटांचा होता. माझ्या उजव्या हातात इनचा डावा हात असायचा. मी दोन बोटं दाबली की घोट्यावर जाणार, त्याने हात सोडून चढाईपटूच्या कमरेला भिडायचं. अंगठा दाबला की मी थांबणार, आम्ही दोघांनी मागे सरून त्याला आत येऊ द्यायचं, आणि तो परतायला वळला की कव्हरने वाट अडवायची. हे सगळं फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. एकाच सरांच्या हाताखाली, एकाच जोडीदाराबरोबर, गुडघे फोडून घेत ते अंगात मुरतं.

आता त्या जागी नवीन कोच आणा. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने ऐन हंगामात तेच केलं. नवे सर कामाचा माणूस, मॅटवरची कबड्डी कोळून प्यायलेले. आधीचे सर शिकवत, पाय उचलला की जा. हे सांगू लागले, घाई नको, साखळी सोडू नका, तो परत फिरेल तेव्हा घ्या. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण पुढच्याच स्पर्धेत, रात्री दिव्यांखाली, मी कडेला उभा राहून जे पाहिलं ते सांगतो. समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्यावर आला, बोनससाठी पाय पुढे टाकला. कोपऱ्यातला पोरगा जुन्या सवयीने घोट्यावर झेपावला. इनच्या पोराने नव्या शिकवणुकीप्रमाणे त्याचा हात घट्ट धरून ठेवला. त्याचं अंग पुढे आणि खांदा मागे, अशी ओढाताण झाली. बोटं घोट्याला नुसती घासून गेली. चढाईपटूने वळता वळता इनच्या छातीलाही हात लावला आणि मध्यरेषा गाठली. दोघे बाद, वर बोनस. तीन गुण गेले आणि दोघांपैकी चूक कोणाचीच नव्हती. पुढे लोण चढला. सामन्यानंतर तो कोपऱ्यातला पोरगा खांदा चोळत मला म्हणाला, “काका, पहिले सर म्हणायचे जा, हे सर म्हणतात थांब. पाय समोर आला की डोकं चालत नाही, अंगच जातं.” बैठकीत मात्र खापर त्याच्यावर फुटलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो आणि तिथल्या फुटबॉलचं त्याला वेड आहे. त्या खेळात पाच धिप्पाड माणसांची एक फळी असते, ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू घेऊन पळणं त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही, गुणफलकावर नाव लागत नाही. पाचांनी मिळून आपल्या क्वार्टरबॅकला वाचवायचं. एकाने डावीकडचा गडी उचलला की शेजाऱ्याने उजवीकडचा उचलायचा, आणि हे निमिषात ठरतं. भाच्याने मला न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाची हकीकत सांगितली आणि मला आपलीच बचावफळी दिसली. त्यांच्या या फळीचे कोच दान्ते स्कार्नेकिया २०१३ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. पुढच्या हंगामात संघ विजेताही झाला, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी दुखापतींनी फळी विस्कटली, आणि २४ जानेवारी २०१६ ला डेन्व्हरविरुद्ध त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी सामन्यात वीसएक वेळा धडका खात राहिला. सामना २०-१८ असा गेला. फळीच्या कोचला काढलं आणि फेब्रुवारीत म्हाताऱ्या स्कार्नेकियांना निवृत्तीतून परत बोलावलं. वर्षभरात, ५ फेब्रुवारी २०१७ ला, संघ पुन्हा विजेता. ते यश एकट्या स्कार्नेकियांचं म्हणता येणार नाही, दुखापती होत्याच. पण त्या मधल्या विजेतेपदाचा विचार मी बराच केला. माझ्या मते जुनी सवय एक हंगाम संघाला पुरते. म्हणूनच कोच बदलणाऱ्यांना आपला निर्णय बरोबर होता असं वाटत राहतं. फटका दुसऱ्या वर्षी बसतो, तोवर बैठकीतली माणसंही बदललेली असतात.

आपल्याकडची उदाहरणं कमी बोलकी नाहीत. यू मुंबा पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा अंतिम फेरीत होता. २०१४ ला जयपूरकडून हरला, २०१५ ला बंगळुरूला ३६-३० हरवून जिंकला, २०१६ ला पाटण्याकडून ३१-२८ असा निसटता हरला. लोकांना अनुप कुमारचा बोनस आठवतो. मला दोन कोपरे आठवतात, सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर. एक आत गेला की दुसरा कुठे असणार हे बघणाऱ्यालाही कळायचं. चौथ्या हंगामात ही जोडी बंगळुरूकडे गेली. कर्णधार अनुपच होता, पण मुंबईची उपांत्य फेरी पहिल्यांदाच हुकली.

त्यानंतरचा मुंबईचा काळ बघा. २०१८ ला इराणचे घोलामरेझा माझंदरानी कोच, फझल अत्राचली एक कोटीला घेतलेला कर्णधार, त्याच्या जोडीला कव्हरवर सुरिंदर सिंग. संघ बाद फेरीत गेला. २०१९ ला कोच संजीव बालियान आले, पण फझल आणि सुरिंदर जागेवर होते, आणि संघ उपांत्य सामन्यात बंगालकडून फक्त दोन गुणांनी, ३७-३५ असा हरला. म्हणजे कोच बदलूनही फळी टिकली तर संघ टिकतो. मग करोनात एक हंगामच झाला नाही आणि नंतरच्या दोन हंगामांत आणखी दोन कोच आले. २०२३ ला पुन्हा माझंदरानी. आठवा, नववा, दहावा, तिन्ही हंगामांत मुंबई बाद फेरीबाहेर. मग २०२४ ला दोन गोष्टी एकत्र घडल्या. माझंदरानी सलग दुसऱ्या वर्षी राहिले, आणि संघाने सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल ही गुजरातकडे वर्षानुवर्षं कव्हर खेळलेली जोडी एकत्र आणली. मुंबई बाद फेरीत परतली. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. मी जोडी म्हणतो.

पुण्याचं मला जास्त कौतुक वाटतं. अनुप कुमार तिथे २०१९ ला आणि २०२१-२२ ला कोच होता. त्याने अस्लम इनामदार, मोहित गोयत, अबिनेश नादराजन, संकेत सावंत या कोवळ्या पोरांवर विश्वास टाकला. तेव्हा हाती करंडक आला नाही. त्याच्यानंतर बी. सी. रमेश आले. बंगालला २०१९ मध्ये जिंकून दिलेला कोच, पण त्यांनी आल्या आल्या माझी माणसं हवीत म्हणून पोरांना झाडून काढलं नाही. तीच पोरं ठेवली, त्यांच्यात आधी फझलसारखा आणि मग मोहम्मदरझा शाडलूसारखा अनुभवी कोपरा आणून उभा केला. डिसेंबर २०२२ ला अंतिम सामना जयपूरकडून गेला, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणाला २८-२५ हरवून पुणे पहिल्यांदा विजेता झाला. पाच-सात नव्हे, तीन गुणांनी. असा सामना पकडीच राखतात. पुढच्या मोसमात शाडलू हरयाणाला गेला आणि विजेतेपदही हरयाणाला गेलं. पुणे बाद फेरीतही पोचलं नाही.

नवा कोच काही करूच शकत नाही असं कोणी यातून काढू नये. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ हरवून सुवर्ण नेलं, तेव्हा त्यांच्या कोच नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपली बाई परक्या देशाला सुवर्ण मिळवून देते याचं त्या दिवशी मला वाईटही वाटलं आणि अभिमानही वाटला. पण त्यांनी काय केलं ते बघा. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. श्वासाचे व्यायाम, योगासनं घेतली. आधी त्या मुलींना काय येतं ते समजून घेतलं, आणि हे सगळं करायला त्यांना वर्षाहून अधिक काळ मिळाला. आमच्याकडे नव्या कोचला स्पर्धेआधी जेमतेम पंधरवडा मिळतो आणि पहिल्या पराभवानंतर लोक कुजबुजायला लागतात.

त्यात आमच्या पट्ट्याची अडचण निराळीच आहे. आमचे खेळाडू पगारी व्यावसायिक नाहीत. आताच्या संघातला डावा कोपरा बोईसरच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. त्याच्या शेजारचा इन दुसऱ्या कंपनीत आहे. एकाची पहिली पाळी असते तेव्हा दुसऱ्याची दुसरी. एक सफाळ्याला डहाणू लोकलमधून उतरतो तेव्हा दुसरा बोईसरला मशीनवर उभा असतो. उजवा कव्हर बोटीवर जातो, त्याची वेळ भरती-ओहोटी ठरवते. सराव म्हणजे रोज अर्धी साखळी. चढाईपटू एकटा धावून, एकटा उठाबशा काढून तयार राहू शकतो. जोडीला जोडी लागते. अशा संघात कोच हाच दोघांमधला दुवा असतो. सोमवारी कोपऱ्याला सांगितलेलं बुधवारी इनला तोच सांगतो. तो माणूस काढला की दोघांमध्ये काही उरतच नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पराभवानंतरच्या हिशेबाचा. कोणत्या चढाईपटूने किती गुण आणले हे वहीत लिहिलेलं असतं. कोणती पकड कोणाच्या आधाराने झाली, कोणी चढाईपटूला वळायला भाग पाडलं, याची नोंद कुठेच नसते. मग कोपऱ्यातला पोरगा आळशी ठरतो, कोच निकामी ठरतो. दोघांनाही मी हे सोसताना पाहिलंय. त्यातला एक तर पुन्हा मैदानात उतरलाच नाही. आता संध्याकाळी मुलाला घेऊन कडेला बसतो आणि चांगली पकड झाली की सगळ्यात आधी टाळी त्याची असते.

भातकापणी उरकली की मंडळांच्या बैठका सुरू होतील. कोच ठेवायचा की बदलायचा, चर्चा होईल. माझी विनंती आहे की त्या बैठकीला दोन्ही कोपरे आणि दोन्ही कव्हर यांना बोलवा आणि कार्यकर्त्यांच्या आधी त्यांना बोलू द्या. बदल करायचाच असेल तर हंगाम संपल्यावर करा, आणि येणाऱ्याला निदान दोन हंगाम द्या. जुन्या सरांना निरोपाचा नारळ देऊन मोकळे होऊ नका. पहिला महिना त्यांना नव्या सरांच्या शेजारी उभं करा, म्हणजे जा आणि थांब यांतलं काय ठेवायचं ते दोघं मिळून ठरवतील. आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या लावणारे जे सुपरवायझर हे वाचत असतील, त्यांतले कित्येक स्वतः मातीत खेळलेले आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. तुमच्याकडे एकाच गावचे कोपरा आणि इन कामाला असतील, तर डिसेंबर ते मार्च त्यांची पाळी एक लावा. कंपनीचा त्यात एक रुपयाही जात नाही.